बाबा, देवमासा दिसला होता

बाबा,

सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलतात, ते मला ऐकवत नाही.

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाला, त्या शोकसभेला, तुमच्या सेक्शनमधले झाडून सगळे आले होते. बुद्धवंदना झाली आणि मग एकेक जण उठून बोलला. शिस्तीचा माणूस, स्वच्छ हाताचा माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. शेवटी शेजारच्या क्वार्टरमधले गजभिये काका उठले. त्यांचा आवाज तुम्हाला माहीत आहे, त्यांना माईक लागत नाही. म्हणाले, "आमच्या भावानं सारी जिंदगी एकच हौस केली. देवमासा पाहाची! मद्रासले गेला, जहाजात बसला, अंदमानापावत जाऊन आला. पण दिसला नाही बिचाऱ्याले." लोक हसले आणि हसताहसता त्यांनी डोळे पुसले. आई खाली मान घालून बसली होती. मी तिच्या शेजारी. माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं, मला राग आला होता.

कारण ते खोटं आहे. देवमासा दिसला होता. मला दिसला होता. आणि 'दिसला नाही' असं कॉलनीभर सांगत फिरणारे तुम्हीच होता.

गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण तुम्ही होता तेव्हाही तुमच्याशी भांडायची सोय नव्हती. मग मी कधी भांडायचं?

देवमासा आधी माझा होता, हेही आता कोणाच्या लक्षात नाही. मी चौथीत होते. आमच्या इंग्रजीच्या पुस्तकात त्याचं चित्र होतं, अर्ध्या पानाचं, निळ्या शाईत छापलेलं. मिसनी सांगितलं की हा मासा नाहीच, आपल्यासारखा श्वास घेणारा प्राणी आहे आणि श्वासापुरता तो वर येतो. बाकीचा वेळ तो कुठे आहे ते कोणाला कळत नाही. मला हे फार आवडलं होतं. संध्याकाळी तुम्ही फॅक्टरीच्या बसमधून उतरून घरी आलात, डबा ओट्यावर ठेवलात, आणि मी विचारलं, "बाबा, देवमासा खरोखरचा पाहता येते का?" मी काही मागणारी मुलगी नव्हते. दिवाळीला फ्रॉक कुठल्या रंगाचा हवा, तेसुद्धा मी सांगत नसे. म्हणूनच तुम्ही ते इतकं मनावर घेतलंत, असं आई म्हणायची.

"पाहू ना," तुम्ही म्हणालात. "एलटीसी हाये आपली. सरकार नेते."

जवाहरनगरात, दारूगोळा फॅक्टरीच्या आपल्या कॉलनीत, एलटीसी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, पण हे कोणी बाहेरच्यानं वाचलं तर कळावं म्हणून लिहिते. केंद्र सरकारच्या नोकराला चार वर्षांच्या एका ब्लॉकमध्ये एकदा, बायकापोरांसकट, देशात कुठेही जायचं भाडं मिळतं. त्या ब्लॉकमध्ये गेलं नाही की ते बुडतं. आमच्या ओळीतले सगळे कन्याकुमारीला जायचे. गजभिये काका जाऊन आले तेव्हा त्यांनी तिथल्या रंगीत वाळूची पुडी आईला दिली होती. आईनं ती बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाली, "आपण बी जाऊ ना हो. मले कोणताई समुद्र चालते."

"नुसता समुद्र काय पाहाचा?" तुम्ही म्हणालात. "पाणीच तं हाये. आपल्याले देवमासा पाहाचा हाये."

'आपल्याला.' त्या दिवसापासून देवमासा माझा राहिला नाही.

कुठे जायचं आणि कधी जायचं, हे ठरवण्यात तुम्ही माझं सगळं लहानपण घालवलंत. बैठकीच्या खोलीत भारताचा नकाशा टांगलात, शाळेत असतो तसला, वरखाली दांड्या असलेला. बंगालच्या उपसागरात पेन्सिलीनं रेघा मारल्यात. कलकत्त्याहून अंदमान, मद्रासहून अंदमान, विशाखापट्टणहून अंदमान. मग अरबी समुद्रात एक, कोचीनहून लक्षद्वीप. आलागेला प्रत्येक माणूस त्या नकाशासमोर उभा केला जाई. फॅक्टरीच्या फाटकावर एक दरवान होता, पूर्वी नेव्हीत असलेला. त्याला तुम्ही घरी चहाला बोलवायचात. त्याचा देवमासा दर वेळी थोडा मोठा व्हायचा. पहिल्यांदा तो आपल्या क्वार्टरएवढा होता, शेवटी शेवटी अख्ख्या ओळीएवढा झाला. तुम्ही मात्र गंभीरपणे विचारायचात, "महिना कोणता होता?" तो म्हणायचा, "साब, महीना कौन याद रखता है?" आणि तुमचा चेहरा पडायचा.

गजभिये काका खिडकीतून ओरडायचे, "काय गा, ठरलं का? का कोंढ्याच्या बोडीतच सोडतो एखादा? घरच्या घरी पाहाले होईन!"

आपल्या गावच्या त्या एवढ्याशा तळ्याचं नाव ऐकून तुम्ही हसायचात. पण ठरत नव्हतं.

ते का ठरत नव्हतं, हे मला फार पुढे कळलं. तुम्ही इन्स्पेक्शनमध्ये होता. तुमचं सगळं आयुष्य गेज हातात धरून गेलं. वस्तू गेजमध्ये बसली तर पास, नाही बसली तर रिजेक्ट, मधलं काही नसतं, असं तुम्हीच मला शिकवलं होतं. पेटीतले सगळे नग तपासायचे नसतात. नमुन्याला काही काढायचे, त्यातला एक नापास निघाला की सगळा लॉट परत. कामावर ते बरोबरच असेल, तिथे चूक झाली तर माणूस मरतो. पण तुम्ही तेच गेज घरी घेऊन यायचात. स्टोअरमधले बंगाली बाबू म्हणाले की ते कलकत्त्याहून अंदमानला तीनदा गेले आणि त्यांना शेपूटसुद्धा दिसलं नाही. झालं, कलकत्ता रिजेक्ट. एका नोव्हेंबरात रेडिओवर मद्रासकडच्या वादळाची बातमी ऐकलीत. नोव्हेंबर रिजेक्ट, आणि त्या वर्षापुरतं मद्रासही. कोचीनचं जवळजवळ नक्की झालं होतं, रजासुद्धा मंजूर झाली होती. तेवढ्यात कोणीतरी सांगितलं की तिकडची बेटं इतकी जवळ जवळ आहेत की देवमाशाला खोल पाणीच मिळत नाही. तुम्ही रजा रद्द केलीत.

"गेलो आन् दिसला नाही तं?" तुम्ही आईला विचारायचात.

"नाही तं नाही. समुद्र तं दिसन."

"तुले समजत नाही."

एक ब्लॉक बुडाला. मग दुसरा बुडाला. लोकांची पोरं कन्याकुमारी, काश्मीर, पुरी करून आली. शाळेत 'माय हॉलिडे' असा निबंध असायचा आणि मी दर वर्षी शहापूरला मामाकडे गेल्याचं लिहायचे. त्या निबंधांत मी आंबेसुद्धा तेच ते खाल्लेत.

आता ते लिहिते, जे परवा कोणी बोललं नाही.

तुम्ही मला हळू बोलायला शिकवलंत. मी जन्मतः अशी नव्हते. आई सांगते की कोंढ्याला असताना मी आजीच्या अंगणातून हाक मारली की बांधावर ऐकू जायची. क्वार्टर मिळालं, मला इंग्रजी शाळेत घातलं, आणि तेव्हापासून घरात एकच शब्द. हळू. हळू हस. भांडं हळू ठेव. अंगणात नाचू नको. दुसरे बाप म्हणायचे, लोक काय म्हणतील. तुम्ही तसं कधी म्हटलं नाहीत. तुम्ही म्हणायचात, "त्याईले कारण देऊ नको, माय." ते म्हणजे कोण, ते तुम्ही सांगितलं नाहीत. ते मला मोठी झाल्यावर समजलं. जातीवरून तुम्ही काय काय गिळून त्या क्वार्टरपर्यंत आला होतात, तेही समजलं. पण समजलं म्हणून गेलेला आवाज परत येत नाही. शाळेत मला उत्तर यायचं आणि मी हात वर करायचे नाही. मिस रिपोर्टवर लिहायच्या, 'शांत, सुस्वभावी'. ते वाचून तुम्ही खूश व्हायचात.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूनं लिहिली पाहिजे. बी.एस्सी. होऊन मी घरी होते आणि मला पाहायला लोक येत होते. नागपूरहून आलेल्या एका मुलाची आई माझ्यादेखत तुम्हाला म्हणाली, "पोरगी बोलतच नाही! मुकी तं नाही ना?" मुलगा हसला. तुम्ही हातातली पोह्यांची बशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "बोलाची गरज पडन तवा बोलते. तुमी पोहे खा आन् या." ते लोक गेल्यावर आई चिडली होती. तुम्ही शांतपणे म्हणालात, "रिजेक्ट." त्या एका रिजेक्टसाठी मी तुमची ऋणी आहे. त्या दिवशी मला वाटलं होतं की माझं गप्प राहणं काय आहे, ते तुम्हाला माहीत आहे.

त्याच लोकांमुळे आमचं जहाजावर जाणं झालं. लग्न झालेली मुलगी बापाच्या एलटीसीत धरत नाहीत. तिसरा ब्लॉक चालू होता. आईनं त्या रात्रीच्या जेवणाला तुम्हाला वाढलं आणि ताट पुढे सरकवायच्या आधी म्हणाली, "पोरगी दुसऱ्याच्या घरी गेली का मंग तुमी आन् तुमचा देवमासा दोघंच जा. मी येत नाही. आजच सांगून ठेवते."

तुम्ही नकाशाकडे पाहत राहिलात.

तेव्हा मी बोलले. मला वाटतं, त्या विषयावर मी चौथीनंतर पहिल्यांदाच बोलत होते. म्हटलं, "मद्रासहून जाऊ. मार्चमध्ये."

"मार्चमंधी काहून?"

मी सांगितलं की कॉलेजच्या लायब्ररीत वाचलं होतं. त्या दिवसांत उपसागर सगळ्यांत शांत असतो. देवमासा शोधायचा तर आधी त्याचा फवारा दिसावा लागतो, आणि पाणी उसळत असलं तर फवारा कळत नाही. शिवाय कलकत्त्याहून निघालं की बराच वेळ नदीतच जातो, मद्रासहून निघालं की लगेच खोल समुद्र लागतो.

"पुस्तक इंग्रजी?"

"हो."

"इंग्रजी पुस्तकातला समुद्र त्याईच्या देशातला राहाते," तुम्ही म्हणालात आणि जेवायला लागलात. पण आठ दिवसांनी मी बसस्टॉपवर तुमच्यामागे उभी होते आणि तुम्ही गजभिये काकांना सांगत होतात, "मी सारा हिशेब केला. मार्च. मद्रास. पाणी शांत पाह्यजे, तवाच फवारा दिसते." काका म्हणाले, "वा रे माह्या पठ्ठ्या!" तुम्ही मागे वळून पाहिलं नाहीत. महिना माझा होता, बाबा. बंदरही माझं होतं. निदान 'पोरगी म्हणत होती' एवढं तरी म्हणायचं.

मद्रासपर्यंत तुम्ही फार आनंदात होता. जहाजाच्या शिडीवर तुम्ही आईचा हात धरलात. तुम्हाला लोकांसमोर आईचा हात धरताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आपल्याला खालचा बंक क्लास होता. एकावर एक लोखंडी पलंग, डिझेलचा वास, आणि पहिल्या संध्याकाळपासूनच सगळीकडे ओकाऱ्या. आई तिथेच आडवी पडली ती लिंबू नाकाशी धरून. तुम्ही डेकवर जागा पाहिलीत आणि लगेच ड्युट्या लावल्यात. पहाटेची पहिली शिफ्ट तुमची, कारण तुमच्या मते देवमासा सकाळी वर येणार होता. दुपारची माझी. मग परत तुमची. "जागा सोडाची नाही. रिलिवर आल्याशिवाय उठाचं नाही," तुम्ही मला बजावलंत. डेकवरचे लोक हसत होते. पोर्ट ब्लेअरला दुकान असलेले एक गृहस्थ सारखे म्हणत होते, "अरे भाईसाहब, आराम करो, छुट्टी पे आये हो!"

दुसऱ्या दिवशी माझी शिफ्ट संपत आली होती. पाणी खरोखरच शांत होतं, तेल ओतल्यासारखं. तुम्ही खालून वर आलात, दोन्ही हातांत चहाचे ग्लास. एक माझ्यासाठी होता. जहाजाच्या वेगाचा वारा लागत होता म्हणून तुम्ही समुद्राकडे पाठ करून, ग्लास अंगाशी धरून, कठड्याला टेकत टेकत येत होता.

तेव्हा तो वर आला.

आधी फवारा. धुराच्या लोटासारखा, आणि सरळ नाही, पुढे कललेला. मग पाण्याच्या वर एक लांब, सुरकुतलेली पाठ. ती हलत नव्हती. तिथेच थांबून तो श्वास घेत होता. दुसरा फवारा आला, मग आणखी एक, आणि कुठलीच घाई नव्हती. मग पाठ वाकली आणि शेपूट वर आलं. आडवं. दोन्ही टोकांवरून पाणी गळत होतं. ते सरळ उभं राहिलं आणि सावकाश आत गेलं. आवाज आला असेल तर इंजिनात मिसळून गेला.

माझ्या गळ्यातून काही निघालं नाही. मी तुमच्याकडे धावले आणि तुमची बाही धरली. चहा सांडला, तुमच्या हातावर. तुम्ही आधी ग्लासाकडे पाहिलंत.

"काय झालं?"

"देवमासा."

"कुठी?"

"तिथं. गेला आत."

तुम्ही पाहिलंत. पाणी सपाट होतं. तुम्ही कठड्यापाशी गेलात, कपाळावर आडवा हात धरलात, आणि मी तुमचा चेहरा पाहत होते. इतक्या वर्षांचं सगळं त्या चेहऱ्यावर होतं. तुम्ही एवढंच म्हणायला हवं होतं की मला दिसला नाही. मी तुमच्या शेजारी उभी राहिले असते, उरलेला सगळा प्रवास. पण तुम्ही लोकांकडे वळलात. "कोणी देखा क्या? किसीने कुछ देखा?" पत्ते खेळणाऱ्यांनी माना हलवल्या. पोर्ट ब्लेअरचे दुकानदार म्हणाले, "डॉल्फिन होगा बेटी, बहुत आते हैं."

"डॉल्फिन असन," तुम्ही म्हणालात.

"नाही. शेपूट होतं, बाबा. एवढं."

"मंग लाट असन. किती वेळची उन्हात बसली हायेस."

"फवारा वाकडा होता. पुस्तकात आहे तसा."

आणि मग तुम्ही ते बोललात. मोठ्यानं नाही, तुमच्या नेहमीच्या आवाजात. "दिसला तं वरडली काहून नाही? एवढा मोठा देवमासा दिसला आन् माणूस चूप राहाते का? सांग मले."

मी सांगितलं नाही. आता सांगते.

मी ओरडले नाही, कारण तुम्ही मला ओरडू दिलं नव्हतं. अंगणात नाही, शाळेत नाही, पडले तेव्हा नाही, आजी गेली तेव्हासुद्धा नाही. 'हळू' म्हणत म्हणत तुम्ही माझा आवाज काढून घेतलात, आणि जेव्हा तो पाहिजे होता तेव्हा तोच माझ्याकडे पुरावा म्हणून मागितलात. नागपूरच्या त्या बाईला तुम्ही म्हणाला होतात की गरज पडली की बोलते. मग मी बोलले तर, बाबा. माझ्या परीनं मी बोलले होते. तुमची बाही धरली होती. मी कोणाची बाही धरते का कधी? एवढं ओळखायला तुम्हाला गेज लागत होतं का?

त्या संध्याकाळी खाली जाऊन मी आईला सांगितलं. तिचे डोळे मिटलेलेच होते. म्हणाली, "तुले दिसला ना? झालं तं मंग." मी तिच्या पायाशी बसून राहिले.

तुम्ही जेवायला खाली आला नाहीत. अंधार पडेपर्यंत तुम्ही त्याच कठड्याला उभे होता. दुसऱ्या दिवशीही, आणि परतीच्या सगळ्या वाटेवरसुद्धा. शिफ्टबिफ्ट मोडून टाकलीत, माझी पाळीही तुम्हीच केलीत. तुमच्या नाकाची सालं निघाली होती. मी दुरून पाहत होते आणि मला एकाच वेळी वाटत होतं की तुम्हाला तो दिसू दे, आणि मुळीच दिसू नये. पोर्ट ब्लेअरच्या किनाऱ्यावर आई लुगडं वर खोचून गुडघाभर पाण्यात गेली. लाट आली की ती लहान मुलीसारखी किंचाळत होती, आणि तिला तुम्ही 'हळू' म्हटलं नाहीत. तुमचं लक्षच नव्हतं, तुम्ही धक्क्यावरून लांब पाहत होता. पण आईला समुद्र तुम्ही दाखवलात, हे खरं आहे. आपल्या दोन्हीकडच्या नात्यात तोपर्यंत तो कोणी पाहिला नव्हता. त्यासाठी मला तुमचे पाय धरावेसे वाटतात, आणि मग बाकीचं सगळं आठवतं.

घरी आलो. बसमधून उतरतो न उतरतो तोच काकांनी विचारलं, "दिसला का बे?"

"नाही दिसला," तुम्ही म्हणालात. मी बॅग घेऊन तुमच्या बाजूलाच उभी होते.

ते तुम्ही इतक्यावर ठेवलं असतंत तरी मी विसरले असते. पण 'न दिसलेला देवमासा' ही तुमची सगळ्यांत चांगली गोष्ट झाली. गोष्ट सांगताना तुम्ही कधी नव्हे ते खुलायचात. दरवान, बंगाली बाबू, नकाशा, ड्युट्या, सगळं रंगवून सांगायचात, स्वतःवर हसायचात. आणि शेवटी, ठरलेल्या जागी, "आमच्या पोरीले तेवढी एक लाट दिसली!" लोक माझ्याकडे पाहून हसायचे. गजभिये काकूंनी मला काही दिवस 'लाटबाई' म्हणूनही चिडवलं. मी चहाचा ट्रे घेऊन आत जायचे. मी एकदा, फक्त एकदा, लायब्ररीतून ते पुस्तक आणून तुमच्यापुढे उघडून ठेवलं. पुढे कललेल्या फवाऱ्याचा फोटो होता. तुम्ही चष्मा लावून बराच वेळ पाहिलंत. मग म्हणालात, "फोटो चांगला हाये." आणि पुस्तक मिटलंत.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा मला वाटलं, आता म्हणाल. नागपूरच्या दवाखान्यात तुमच्या खाटेशी मी बसायचे, तुमची नखं कापायचे, पेपर वाचून दाखवायचे. दोघंच असायचो. तुम्ही छताकडे पाहत असायचात आणि मी वाट पाहायचे. तुम्हाला माहीत होतं, बाबा. तुमच्यासारख्या तपासणाऱ्याला मुलगी खोटं बोलत नाही, हे माहीत नसेल असं होत नाही. तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं गॅसच्या सिलिंडरचं होतं. नंबर लावला का, म्हणालात. मी हो म्हटलं. मग तुम्ही झोपलात.

काल सकाळी गजभिये काका पेन्शनच्या कामासाठी आले होते. बसले, तुमच्या आठवणी निघाल्या, आणि परत तेच. "वहिनी, सारं झालं भावाचं. एक देवमासा तेवढा दिसाले पाह्यजे होता."

"दिसला होता," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"आँ?"

ती हात पुसत बाहेर आली. "पोरीले दिसला होता. जहाजावर."

"तुमी पाह्यला?"

"मी कायची पाहातो! मी तं खाली ओकत पडली होती. तिनं पाह्यला ना."

काकांनी चहाची बशी खाली ठेवली. हे वाक्य आई तुमच्यासमोर कधी बोलली नव्हती, त्याचाही हिशेब मला तिच्याशी कधीतरी करायचा आहे. पण तिनं ते असं म्हटलं, जसं 'दूध आलं ना' म्हणावं. एवढंच होतं ते. तुम्हाला तेवढंच म्हणायचं होतं. स्वतः पाहायची गरज नव्हती.

"खरंच काय वं?" काकांनी मला विचारलं. "मंग भाऊ तं म्हणे लाट होती."

"त्याईले चहा सांभाळाचा होता," आई म्हणाली.

काका हसले नाहीत. पुढे सरकून बसले. "केवढा होता? सांग ना."

मग मी सांगितलं. फवारा कसा कलला होता, पाठ कशी सुरकुतलेली होती, तो घाई न करता कसा श्वास घेत होता, शेपटावरून पाणी कसं गळत होतं. माझा आवाज चढला होता बहुतेक, कारण काकू त्यांच्या दारातून आमच्या दारात आल्या आणि चौकटीला टेकून ऐकत राहिल्या. कोणी विचारलं नाही, मग ओरडली का नाहीस. काकांनी फक्त "बाप्पा, बाप्पा" म्हटलं आणि मांडीवर थाप मारली.

काकांच्या पोटात गोष्ट राहत नाही. संध्याकाळच्या बसपर्यंत ती सगळ्या कॉलनीत गेली असेल. इन्स्पेक्शनवाल्याच्या पोरीनं देवमासा पाहिला होता आणि त्यानं तो रिजेक्ट केला, असं काहीतरी. म्हणजे हे भांडण मी जिंकले.

आणि तुम्ही हरायलासुद्धा थांबला नाहीत, बाबा. हे मी तुम्हाला माफ करणार नाही.